बारा दिवस, सहा महिने की दोन वर्षं? परदेशात सेवेला निघण्याआधी

पावसाळा संपत आला की आमच्या वास्कोच्या मराठी मंडळीत (चर्चमध्ये), तरुण संघाच्या बैठकीत हा विषय हमखास निघतो. कुणी नेपाळचं नाव काढतं, कुणी श्रीलंकेचं. कुणाच्या ओळखीचं कुणी आफ्रिकेत इस्पितळाच्या जहाजावर गेलेलं असतं. ओढ खरी असते आणि पेचही खरा असतो. दिवाळीच्या सुट्टीला जोडून बारा दिवसांच्या गटाबरोबर जावं? शिक्षण संपल्यावर सहा महिने काढावेत? की आधी हाताला एखादं काम शिकवून मग वर्ष-दोन वर्षांसाठीच निघावं? आणि कुणीतरी हळूच असंही विचारतं, की आपण न जाता तेच पैसे तिकडे पाठवले तर?

मी बारा दिवसांचा दौरा तीनदा केला, तिन्ही वेळा नेपाळात. नंतर त्याच गावात पाच महिने राहिले. त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकते: किती दिवस जायचं हे नंतर ठरवा. आपल्याला कुणी बोलावलं आहे, नेमकं कशासाठी, आणि आपण परतल्यावर ते काम कोण सांभाळणार आहे, हे आधी विचारा. याचं उत्तर मिळालं तर बारा दिवसही सत्कारणी लागतात. नाही मिळालं तर सहा महिन्यांनीसुद्धा फरक पडत नाही.

हे मी नेपाळात शिकले नाही. आमच्या घरच्या स्वयंपाकघरात शिकले.

आम्ही यजमान होतो तेव्हा

गोव्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाहुण्यांचे दिवस. मी शाळेत असताना याच दिवसांत परदेशातले ख्रिस्ती गटही आमच्या मंडळीत यायचे. कुणी दहा दिवस, कुणी दोन आठवडे. वडील बंदरात कामाला, घर दोन खोल्यांचं, पण उपासनेच्या जागेपासून जवळ. त्यामुळे चौदा-चौदा माणसांचं जेवण आमच्याकडे. आई आणि शेजारच्या काकू पहाटे चारला उठायच्या. तिखट कमी, पाणी उकळून गार केलेलं, आणि तरीही तिसऱ्या (शिंपल्या) खाऊन कुणाचं तरी पोट बिघडायचंच. त्या दोन आठवड्यांत महिला मंडळाची गुरुवारची प्रार्थना बंद राहायची, कारण प्रार्थना करणाऱ्या सगळ्या चुलीपाशी असायच्या.

एका हिवाळ्यात तीन गट आले. झुवारीनगरच्या वस्तीतल्या मुलांना तिघांनीही झाडावर चढलेल्या जक्कयाची बायबलमधली गोष्ट सांगितली, फुगे आणि गोळ्या वाटल्या. तिसऱ्या वेळी गोष्ट मुलंच आधी सांगू लागली. त्या गटांतल्या कुणाचंही मन वाईट नव्हतं. आपल्याआधी इथे कोण येऊन गेलं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

पण एक जोडपं चार हिवाळे आलं. चौथ्या वर्षी त्या बाई आईबरोबर खाली बसून बांगडे साफ करत होत्या. कुठल्या घरातली आजी गेली हे त्यांना ठाऊक होतं, आणि पहिल्याच दिवशी त्या त्या घरी जाऊन आल्या. आई आजही त्यांची आठवण काढते, बाकी कुणाची नाही. पुढे मी प्रत्येक पर्यायाकडे पाहिलं ते या स्वयंपाकघरातून.

बारा दिवसांचा दौरा

नोकरी करणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना हाच बहुधा झेपतो, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

आपल्यासाठी नेपाळ सर्वांत सोपं आहे. भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. आधार कार्ड मात्र १५ ते ६५ वयाच्या माणसांना चालत नाही, हे गटातल्या प्रत्येकाला दोनदा सांगा. आणखी एक गोष्ट मराठी माणसाला तिथे गेल्यावरच जाणवते: नेपाळी देवनागरीत लिहितात. त्यांचं गीतपुस्तक हातात आलं की पहिल्याच उपासनेत तुम्ही त्यांच्याबरोबर गाऊ शकता, अर्थ अर्धाच कळला तरी. ‘जयमसीह’ म्हणून हात जोडायचे, चपला बाहेर काढायच्या, जमिनीवर बसायचं. उपासना शनिवारी, कारण तिथली साप्ताहिक सुट्टी शनिवारची. श्रीलंकेत हे जमत नाही. सिंहली आणि तमिळ, दोन्ही लिप्या आपल्याला अनोळखी, त्यामुळे तिथे तुम्ही पूर्णपणे दुभाष्यावर अवलंबून.

पण बारा दिवसांतले गावात किती, याचा हिशेब आधी मांडा. वास्कोहून गोवा एक्सप्रेसने दिल्ली, तिथून गोरखपूर, सुनौलीची सीमा, मग रात्रभर बस, असा प्रवास केलात तर काठमांडूपलीकडच्या गावात पूर्ण दिवस तीन मिळतात, फार तर चार. विमानाने गेलात तर आठ-नऊ मिळतात, आणि खर्च त्या मानाने वाढतो.

आमचा पहिला दौरा २०१६ च्या नोव्हेंबरात, धादिंग जिल्ह्यातल्या एका गावात. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाने त्या भागातली दगडमातीची घरं पाडली होती आणि दीड वर्षानंतरही कितीतरी कुटुंबं पत्र्याखाली राहत होती. आम्ही अकराजण होतो, त्यात दोन नर्स. आरोग्य शिबिर घ्यायचं ठरवून गेलो होतो. चार दिवसांत खूप माणसं तपासली. एका बाईंचा रक्तदाब फार वाढलेला निघाला, त्यांना आमच्याकडच्या गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांच्या. परतीच्या बसमध्ये आमच्यातल्या थोरल्या नर्सताई एकदम गप्प झाल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “सोळाव्या दिवशी ती बाई काय घेणार गं?”

त्या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. रक्तदाबाची गोळी रोजची, जन्मभराची. अर्धवट सोडली तर आजार परत उसळतो, आणि आपल्याला औषध मिळालं होतं म्हणजे आपण बरे झालो, असं माणूस धरून चालतो. गावापासून दीड तासावर सरकारी स्वास्थ्य चौकी होती. आम्ही तिथे गेलो नव्हतो, तिथल्या सिस्टरला भेटलो नव्हतो, तपासलेल्यांच्या नोंदी तिच्याकडे दिल्या नव्हत्या. दुसऱ्या वर्षी तिथल्या मंडळीच्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) स्पष्ट सांगितलं: गोळ्या आणू नका, रक्तदाब मोजायची चार यंत्रं आणा आणि आमच्या मंडळीतल्या सहा बायकांना ती वापरायला शिकवा. वाढलेला रक्तदाब सापडला की त्या बायकाच रुग्णाला चौकीत घेऊन जातील. आम्ही तेच केलं. त्या सहाजणींतल्या चारजणी ते काम अजून करतात. माझ्या तीन दौऱ्यांतलं टिकलेलं काम तेवढंच.

पैशांकडेही बघू या. पहिल्या वेळी आम्हाला माणशी साधारण तीस हजार रुपये लागले, म्हणजे गटाचे सव्वातीन लाखांच्या वर. १९९८ च्या मिच वादळानंतर उत्तर अमेरिकेतल्या मंडळ्यांचे गट होंडुरासमध्ये घरं बांधायला गेले होते. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञांनी पुढे त्याचा अभ्यास केला. गटाचा प्रवास धरून एका घराला सुमारे ३०,००० डॉलर पडत होते. तिथल्या ख्रिस्ती संस्था स्थानिक गवंड्यांकडून घर सुमारे २,००० डॉलरमध्ये उभं करत होत्या. गटातली माणसं परतल्यावर अधिक दान देतात, हा समजही फारसा खरा ठरला नाही. हे आकडे वाचून मी हादरले होते. तेव्हापासून गटात कुणी ‘भिंत बांधू, रंग देऊ’ म्हणालं की मी विचारते, त्या गावात रंगारी नाही का? त्याला दिवसाचा रोज मिळाला तर त्याच्या घरी काय शिजेल?

मग बारा दिवस जावंच का? जावं, पण हात लावायचं काम मनात धरून जाऊ नये. जे पैशाने पाठवता येत नाही त्यासाठी जावं. पत्र्याच्या खोलीत भूकंपात नातू गमावलेले एक आजोबा बसलेले असायचे. आमच्यातला एक मुलगा रोज संध्याकाळी तासभर त्यांच्याशेजारी बसायचा. भाषा येत नव्हती. दुसऱ्या वर्षी आम्ही उतरलो तेव्हा आजोबा रस्त्यावर येऊन त्याच मुलाला शोधत होते, आणि तो आला नव्हता. नोकरीत सुट्टी मिळाली नव्हती. आजोबांचा तो चेहरा आठवला की मला वाटतं, दहा नव्या माणसांपेक्षा जुनी दोन परत जाणं बरं.

शास्त्रात याला आधार आहे. प्रेषित पौल थेस्सलनीका शहरात तीन शब्बाथ (विश्रामवार) शिकवू शकला, मग त्याला रातोरात निघावं लागलं. दौरा आपल्याएवढाच छोटा. पण त्याने पुढे आपला सहकारी तीमथ्य याला पाठवलं, पत्रं लिहिली, माणसं कशी आहेत म्हणून जीव टांगणीला लावला. आणि लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशूने शिष्यांना जोडीजोडीने धाडलं तेव्हा सूचना किती घरगुती आहेत: एकाच घरी राहा, घरं बदलत फिरू नका, वाढतील ते खा.

कायद्याचंही सांगायला हवं. व्हिसा लागत नाही म्हणजे काहीही चालतं, असं नाही. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाने दुसऱ्याचं धर्मांतर करण्यावर बंदी घातली आहे. २०१८ च्या ऑगस्टपासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. आपण तिथे परदेशीच. चौकात पत्रकं वाटणं तुम्हाला धाडसाचं वाटेल, पण तुम्ही निघून गेल्यावर पोलिस तिथल्या पाळकांच्या दारात येतात. त्यांनी जिथे थांबा म्हटलं तिथे थांबायचं. इतर देशांतही पर्यटक व्हिसावर काय करता येतं ते त्या त्या वकिलातीकडून लेखी विचारून घ्या. डॉक्टर-नर्सनी तर तिथल्या वैद्यकीय किंवा नर्सिंग परिषदेची तात्पुरती नोंदणी घेतल्याशिवाय कुणालाही तपासू नये. आम्ही पहिल्या वर्षी हे पाहिलंच नव्हतं. चूक आमची होती.

पाच-सहा महिने

इथे बहुतेक मुलं एखाद्या संस्थेच्या अभ्यासक्रमातून जातात. १९६० साली सुरू झालेल्या ‘यूथ विथ अ मिशन’चा शिष्यत्वाचा अभ्यासक्रम अशांत जास्त परिचित. साधारण तीन महिने वर्गात, मग दोन-तीन महिने प्रत्यक्ष क्षेत्रात. शुल्क आणि प्रवास स्वतः उभा करायचा असतो. वचनाचा (बायबलचा) पाया, सामूहिक जीवन, शिस्त हे सगळं मिळतं आणि वीस-बावीसच्या वयात ते फार मोलाचं आहे.

फॉर्म भरण्याआधी मात्र एक विचारा: क्षेत्रातले आठ-दहा आठवडे एकाच जागी आहेत, की पाच गावांत? पाच गावं असतील तर तो बारा दिवसांचाच दौरा पाचदा होतो.

मी पाच महिने राहिले ते संस्थेतून नाही, त्याच धादिंगच्या पाळकांच्या घरी, बालवाडीच्या बाईंना मदतनीस म्हणून. पहिला महिना कौतुकात गेला. दुसरा फार जड गेला. घरची आठवण, थंडी, रोज दोन वेळा डाळभात, आणि आपण इथे कुणाच्याच उपयोगाचे नाही ही जाणीव. रात्री मी रडायचे. तिसऱ्या महिन्यात एक दिवस पाळकांच्या पत्नीने मला नेहमीसारखं ताट वाढून दिलं नाही. म्हणाल्या, चुलीवर आहे, वाढून घे. त्या दिवसापासून मी त्यांच्या घरची झाले. बालवाडीतलं एक मूल ऐकू येत नसल्यामुळे बोलत नाही, हे मला चौथ्या महिन्यात कळलं. बारा दिवसांत मी त्याला हट्टी समजून परतले असते.

हातात काम असेल तर वर्ष-दोन वर्षं

यासाठी गोव्याच्या माणसाला उदाहरण बाहेर शोधायला नको. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले जोसेफ वाझ १६८७ मध्ये मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरले. डचांनी कॅथलिक पाद्री हाकलले होते, तिथले लोक कित्येक वर्षं पाद्रीविना होते. वाझ तमिळ शिकले, मग सिंहली. कँडीत पोर्तुगिजांचे हेर समजून त्यांना कैदेत टाकलं गेलं. १६९७ मध्ये तिथे देवीची साथ आली, घरच्यांनीच रोग्यांना टाकून दिलं, तेव्हा हे त्यांची सेवा करत राहिले. १७११ मध्ये तिथेच वारले, गोव्यात परतले नाहीत. १४ जानेवारी २०१५ ला पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं. आम्ही प्रॉटेस्टंट घरातले, संतांची प्रार्थना करत नाही, पण सांकवाळला त्यांच्या स्मृतिस्थळी मी तरुण संघाला मुद्दाम घेऊन जाते. उलट दिशेने आलेले थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात पोचले, आणि त्यांचं मराठी ओवीतलं क्रिस्तपुराण रायतूरला छापलं गेलं १६१६ मध्ये. मधली सदतीस वर्षं ते दक्षिण गोव्यातल्या साष्टीतल्या लोकांची भाषा शिकत, त्यांच्यात राहत होते.

आज कुणी सदतीस वर्षं मागत नाही. पण नर्स, वीजतंत्री, स्वयंपाकी, हिशेबनीस, बोटीवरचा माणूस यांना वर्षभरासाठी खरोखर मागणी असते. १९७८ मध्ये सुरू झालेल्या ‘मर्सी शिप्स’ची इस्पितळाची जहाजं आफ्रिकेच्या बंदरांत थांबून शस्त्रक्रिया करतात. त्यांना शल्यविशारद लागतात तसे इंजिनरूममधले, डेकवरचे आणि गॅलीतले (जहाजाच्या स्वयंपाकघरातले) लोकही लागतात. सगळे स्वयंसेवक, आपला खर्च आपणच करणारे. वास्कोत प्रत्येक गल्लीत बोटीवर काम केलेला एक तरी माणूस आहे. सेवा म्हणजे उपदेश किंवा डॉक्टरकी एवढीच, असं मानून हे लोक मागे बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांसाठी पीतज्वराची लस मात्र लागते. ती अधिकृत केंद्रातच मिळते, निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि तो दाखला नसेल तर भारतात परतताना विलगीकरणात ठेवतात.

न जाणं

हा पर्याय कमी श्रद्धेचा नाही. गोव्यातल्या हॉटेलांत, शॅकमध्ये, रखवालीच्या कामावर कितीतरी नेपाळी मुलं आहेत, कळंगुट-हणजुणेच्या पट्ट्यात तर पावलोपावली. घरापासून दूर, आजारी पडली तर विचारणारं कुणी नाही. नेपाळला जायची इच्छा असलेल्याने आधी सहा महिने त्यांच्यात जावं, भाषा त्यांच्याकडूनच शिकावी. मालीमच्या आणि कुटबणच्या जेटीवरही परराज्यांतले कामगार आहेत.

ज्यांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे त्यांनी इथे एक लक्षात ठेवावं. २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असलेल्यांना भारतात मिशनरी कामासाठी विशेष परवानगी घ्यावी लागते. आपण गोंयकार आहोत, आपल्याच गावात आहोत, या भरवशावर राहू नये.

अनाथाश्रम मी कुणालाच सुचवत नाही

दौऱ्याच्या पत्रकात ‘अनाथ मुलांसोबत तीन दिवस’ असं दिसलं तर तो दौरा सोडा. कंबोडियातल्या बालगृहांमध्ये तीन-चतुर्थांशांहून अधिक मुलांचे आईवडील, निदान दोघांपैकी एक, हयात असल्याचं आढळलं आहे. नेपाळातही बालगृहं काठमांडू खोऱ्यात आणि पर्यटकांच्या जिल्ह्यांत एकवटली आहेत. पाहुणे येतात, देणगी देतात, म्हणून खेड्यातली मुलं आणली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना या व्यापाराची दखल घेतली. आणि मुलाच्या बाजूने बघा ना. तीन दिवस मांडीवर घेतलं, मग निघून गेलात, पुढच्या आठवड्यात दुसरी मांडी. त्या मुलाने किती जणांचा निरोप घ्यायचा?

तर कुणी काय निवडावं

शिकणाऱ्या मुलाने पहिल्यांदा बारा दिवस जावं, पण आपल्या मंडळीचं निदान तीन-चार वर्षांचं नातं आहे अशाच जागी, आणि जुन्या माणसाबरोबर. पदवी झाली, नोकरी अजून नाही, घरची जबाबदारी नाही, तर पाच-सहा महिने एका जागी काढा. हे दिवस पुन्हा मिळत नाहीत. नर्स किंवा तंत्रज्ञ असाल तर छोट्या दौऱ्यांत सुट्ट्या वाटून टाकू नका, साठवा आणि वर्षभर जा. निवृत्त झालेल्यांकडे कुणी बघतच नाही, खरं तर पेन्शन, वेळ आणि हातातलं काम तिन्ही त्यांच्याजवळ असतं. लहान मुलं असलेल्या जोडप्याने तूर्त इथल्या नेपाळी मुलांना रविवारी जेवायला बोलवावं. आणि ज्याला मनातून फक्त डोंगर बघायचे आहेत, त्याने खुशाल डोंगर बघायला जावं. त्यासाठी मंडळीच्या अर्पणातून पैसे मागू नयेत.

तिकीट काढण्याआधी यजमानांना फोन करा आणि विचारा: आम्ही आलो नाही तर तुमचं काय अडेल? याच कामाला गेल्या वर्षी कोण आलं होतं? आमच्या राहण्या-जेवणाचा भार कुणावर पडेल आणि तो खर्च आम्ही कसा द्यायचा? नंतर थोडं गप्प राहा. पाहुण्याला नाही म्हणणं नेपाळातही अवघड जातं, आपल्याकडे जातं तसंच.

यंदा आम्ही असा फोन केला. पाळक बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, अकराजण नकोत, तिघं पाठवा. नर्सताई, कारण आणखी पाच बायकांना यंत्र शिकवायचं आहे. आजोबांपाशी बसणारा तो मुलगा, कारण आजोबा आता अंथरुणाला खिळले आहेत. आणि निवृत्त झालेले आमचे एक वीजतंत्री काका, कारण स्वास्थ्य चौकीतला लसींचा फ्रिज बंद पडतोय आणि तिचं वायरिंग जुनं झालंय. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. काकांना देवनागरीतलं नेपाळी गीतपुस्तक वाचायला शिकवायचं काम माझ्याकडे आहे, मंगळवार आणि शुक्रवार, उपासनेच्या खोलीत, संध्याकाळी सातला.